दोघींच्या बोलीतली तिसरी

आमच्या इस्पितळाच्या टेलिफोनच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी बसायचे, दुसरीवर बाई. मी नोकरीला लागले तेव्हा बाईंचे केस कानांपाशी पिकायला लागले होते आणि सगळं इस्पितळ त्यांना जोडतेबाई म्हणत होतं. कारण उघड होतं. दिवसभर फोन यायचे आणि प्रत्येकाला बाई दोनच शब्द सांगायच्या, "थांबा, जोडते." सर्जनचा फोन असो की सफाई कामगाराच्या बायकोचा, आवाज तोच आणि सूर तोच.

बाई बोलायच्या कमी, पण कान भारी तिखट. त्या काळी मधूनच लाइनी एकमेकींत मिसळायच्या आणि कुठल्यातरी परमुलखातल्या दोन माणसांचं बोलणं आमच्या कानांत शिरायचं. शब्द म्हणून एक कळत नसे. मी वैतागून वायर उपटायला जायचे, तर बाई हात वर करून मला थांबवायच्या. डोळे मिटून जरा वेळ ऐकायच्या आणि म्हणायच्या, "ही विचारतेय आणि तो टाळतोय." मी एकदा विचारलं, तुम्हाला ही भाषा येते का. त्या म्हणाल्या, "भाषा कशाला यायला हवी? बोलण्याला चाल असते. चाल कळली की निम्मं कळलं." आणि लगेच वायर काढून टाकली. ऑपरेटरच्या कानावर काहीही पडो, त्याने मध्ये बोलायचं नाही, हा त्यांचा नेम होता. मी कामावर आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी तो मलाही घालून दिला.

मग यंत्र आलं. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. आमच्या खोलीत जुन्या खाटा ठेवायला लागले. मला नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. बाईंनाही कुठेतरी बसवणार होते, पण त्या म्हणाल्या, पुरे झालं आता, आणि घरी गेल्या.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. आईवडील लवकर गेले. मागे राहिलेला धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता, त्याला यांनीच शिकवलं आणि मार्गी लावलं. तो बस डेपोत मेकॅनिक होता, त्याची बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना जुळ्या मुली झाल्या होत्या आणि आईची रजा संपत आली होती. इकडे बाई रिकाम्या, तिकडे पोरींना सांभाळायला माणूस हवं. भाऊ एका रविवारी टेम्पो घेऊन आला, बहिणीचं सामान भरलं आणि वर बहिणीला बसवलं. "ताई, मला वाढवलंस, पण मी तुला शाळेत जाणारा तयार मिळालो होतो," तो वाटेत म्हणाला. "आता जरा सुरुवातीपासून बघ."

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि त्यातल्या एकीला मधोमध प्लायवूडची भिंत घालून केलेलं स्वयंपाकघर. त्या भिंतीतून पलीकडची शिंकसुद्धा ऐकू यायची. पोरी म्हणजे एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. धाकटीच्या कानामागे तीळ होता, तोच काय तो फरक. थोरली काही मिनिटांनी थोरली, एवढ्यावरून घरात थोरली-धाकटी हीच नावं पडली, आणि दोघींना मिळून सगळे 'पोरी' म्हणायचे. पोरींनो उठा, पोरींनो दूध प्या, पोरी झोपल्या का.

पहिले काही दिवस बाई पोरींचं सगळं करायच्या, पण मुकाट्याने. पाळण्यातल्या जिवाशी बोलायचं काय, असा त्यांना संकोच वाटे. भावजय मात्र कारखान्यातून आली की चपला काढायच्या आत सुरू व्हायची. लाडिक, लांबवलेल्या आवाजात भाजी चिरताना भाजीचं सांगायची, बस चुकली तर बसचं सांगायची. बाईंना ते ऐकून हसू यायचं. मग एका दुपारी दुपटं बदलताना त्या आपल्याशीच पुटपुटल्या, "हे बटण कुठे गेलं?" आणि थोरलीने त्यांच्या तोंडाकडे बघून लांब हुंकार दिला.

बाईंनी पुन्हा काहीतरी म्हटलं. पोर गप्प राहिली. बाईंचं बोलणं संपलं, तशी तिने पुन्हा हुंकार दिला.

हे मला सांगताना बाईंचा आवाज बदलला होता. त्या दर महिन्याला पेन्शनच्या कामासाठी इस्पितळात यायच्या आणि मग आम्ही उपाहारगृहात चहा प्यायचो. त्या म्हणाल्या, "अगं, ती थांबली. माझं संपेपर्यंत थांबली. अजून मान धरता येत नाही नीट, पण आपली पाळी कधी ते कळतं. मोठमोठ्या माणसांना फोनवर हे जमत नव्हतं." त्या दिवसापासून बाई बोलायला लागल्या. भावजयीसारखं लाडिक नाही, त्यांच्या सरळ सुरात. पण दिवसभर.

पोरी रांगायला लागल्या, उभ्या राहायला लागल्या. आधी नुसते स्वर होते, मग 'बाबाबा', 'ममम'. भाऊ म्हणाला, बघा, आधी बाप म्हणाल्या. भावजय म्हणाली, त्या दिव्यालाही बाबाच म्हणतात, तेव्हा फार फुगू नका.

पहिला वाढदिवस होऊन बरेच महिने गेले. आजूबाजूची त्या वयाची मुलं पाणी दे, गाडी बघ, असं काहीबाही बोलू लागली. या दोघींच्या तोंडून मात्र आई, बाबा आणि आत्या यांच्यापलीकडे ओळखीचा शब्द येईना. भावजयीचा जीव टांगणीला लागला. शेजारीण येता-जाता म्हणायची, आमची तर या वयात गाणी म्हणायची हो. बाईंना मात्र त्या आठवड्यात वेगळाच शोध लागला होता.

त्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. प्लायवूडच्या पलीकडून पोरींची बडबड येत होती. रोजचीच. आणि एकाएकी बाईंचे हात थांबले. पलीकडे एकीने काहीतरी लांबलचक म्हटलं आणि शेवटी सूर वर नेला. जरा वेळ शांतता. मग दुसरी तुटक काहीतरी बोलली, सूर खाली आणून. पहिलीने तेच पुन्हा विचारलं, थोडं जोरात. दुसरीने आता मोठं उत्तर दिलं. आणि दोघी हसल्या.

बाई शेंगांचं ताट हातात तसंच धरून दारात गेल्या. पालथ्या बादलीच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसल्या होत्या आणि बोलत होत्या. बडबडत नव्हत्या, बोलत होत्या. "माझा जन्म लाइनीवर गेलाय," बाई मला म्हणाल्या. "बडबड कुठली आणि बोलणं कुठलं, एवढं मला कळतं. फक्त ही भाषा मी कधी ऐकली नव्हती. कोणीच ऐकली नव्हती. ती त्या घरात तयार झाली होती, माझ्या पाठीमागे, मी भांडी घासत असताना."

त्यानंतर बाई कान लावून बसायला लागल्या. पहिल्यांदा सापडला तो नकार. 'नन'. नन दूध म्हणजे दूध नको. नन बूट म्हणजे बूट घालायचा नाही. बाईंना नवल वाटलं ते शब्दाचं नाही, त्याच्या जागेचं. आपण म्हणतो दूध नको, जायचं नाही. नकार शेवटी. घरात सगळे असंच बोलत होते. पोरींनी तो उचलून पुढे आणून ठेवला होता, आणि कधीच चुकत नव्हत्या. मी म्हटलं, असं का केलं असेल? बाईंनी विचार केला. "ऐकणाऱ्याची सोय," त्या म्हणाल्या. "नाही म्हणायचंय ते आधीच कळतं. उगाच आशा लागत नाही."

मग सापडलं 'पोयी'. पोरीचं पोयी झालं होतं, हे सोपं होतं. अवघड होतं ते त्याचा अर्थ लावणं. थोरली धाकटीला पोयी म्हणायची. धाकटी थोरलीला पोयी म्हणायची. स्वतःला दोघी पोयीच म्हणायच्या. आणि दोघी मिळून, तेही पोयी. आपल्याकडे मी आहे, तू आहे, आम्ही आहे, शिवाय आपण आहे. त्यांच्याकडे एकाच शब्दात सगळी वस्ती. थोरली एकदा उंबऱ्याला अडखळून पडली, तर धाकटी आपलाच गुडघा धरून म्हणाली, "पोयी बाऊ," आणि दोघींनी भोकाड पसरलं. बाईंनी दोघींच्या गुडघ्यांवर फुंकर घातली. कोणाचा दुखतोय हे ठरवायची तिथे सोय नव्हती.

एका शब्दाने मात्र बाईंना चांगलंच फसवलं. 'गप'. भावाची रात्रपाळी असली की तो दिवसा आतल्या खोलीत झोपायचा. बाई ओठांवर बोट ठेवून पोरींना म्हणायच्या, गप्प, आणि दार लोटून घ्यायच्या. तेव्हा पोरींचा गप म्हणजे गप्प बसा, यात शंका कसली? पोरी गप म्हणाल्या की बाई बोलणं थांबवायच्या, चवड्यांवर चालायच्या. कित्येक आठवडे हे चाललं. पोरी आपल्याकडे काय म्हणून बघत असतील, हे आठवून नंतर बाई स्वतःच हसायच्या.

उलगडा झाला तो चेंडूमुळे. चेंडू घरंगळत कपाटाखाली गेला. थोरलीने सूर वर नेऊन विचारलं, "बॉ?" धाकटी पोटावर पालथी पडली, कपाटाखाली डोकावली, तिला काही दिसलं नसावं. ती उठून बसली आणि शांतपणे म्हणाली, "बॉ गप." थोरलीचं समाधान झालं. ती दुसऱ्या खेळाला लागली.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांना मागचं सगळं एकेक आठवायला लागलं. बाबा गप म्हणजे बाबा झोपलेत असं नव्हे. बाबा दाराआड आहेत. ढगात गेलेला चंद्रही गप होता, पिशवीतलं केळंही गप होतं. त्यांनी दार लोटताना गप्प म्हटलं होतं, आणि पोरींनी बोटाकडे न बघता दाराकडे बघितलं होतं.

"आता मला सांग," बाई मला म्हणाल्या, "आपल्याकडे याला शब्द काय?" मी म्हटलं, लपलेलं. त्या म्हणाल्या, चेंडू काय लपतो? मी म्हटलं, हरवलेलं. त्या म्हणाल्या, कुठे आहे ते ठाऊक असेल तर हरवलेलं कसं? चहा निवून गेला. शेवटी मी म्हटलं, दिसत नाही, पण आहे. बाई म्हणाल्या, "बघ. आपल्याला एवढं लांबण लावावं लागतं. आणि पूर्वी याच पोरी, चेंडू दिसेनासा झाला की चेंडू नव्हताच असं समजून दुसरीकडे बघायच्या. न दिसणारी वस्तू असते, हे त्यांनी आधी शोधून काढलं आणि मग त्याला नाव ठेवलं. दीड वर्षाच्या बाळांनी."

याचा जोडीदार शब्द होता 'फुस'. भाऊ रिकामा तळहात दाखवून त्यावर फुंकर मारायचा, बिस्कीट फुस्स. पोरींचा फुस मात्र खरोखरच संपलेल्या, गेलेल्या, आता नसलेल्या वस्तूंचा शब्द होता. वाटीतलं दूध फुस. फुटलेला फुगा फुस. गप आणि फुस यांत पोरींनी कधी गल्लत केली नाही.

एवढं कळत असूनही बाई त्यांच्याशी त्यांच्या बोलीत एक शब्द बोलल्या नाहीत. एक तर त्यांचा जुना नेम. दुसरं म्हणजे लहान मुलांच्या डॉक्टरणीने तसंच सांगितलं होतं. भावजय काळजीने पोरींना घेऊन गेली तेव्हा बाईही बरोबर गेल्या आणि त्यांनी जे ऐकलं ते सगळं सांगितलं. डॉक्टरीण भली होती. तिने हसण्यावारी नेलं नाही. म्हणाली, जुळ्यांमध्ये असं होतं कधी कधी, दोघींचं दोघींत भागतं म्हणून बाहेरची गरज पडत नाही. कान, बुद्धी, सगळं उत्तम आहे. पण जगात राहायला तुमची भाषा लागेल, तर दोघींशी वेगवेगळं, भरपूर आणि नीट बोला. बाईंना ते पटलं. त्या नीटच बोलत राहिल्या.

दुसऱ्या वाढदिवसाला थोडे आठवडे उरले होते तेव्हा थोरलीला ताप आला. सर्दी छातीत उतरली, श्वास लागायला लागला. पहाटे भाऊ आणि भावजय तिला उचलून आमच्याच इस्पितळात घेऊन आले. न्यूमोनिया निघाला. आई तिच्यापाशी राहिली. भेटायला येणाऱ्या लहान मुलांना वॉर्डात मज्जाव होता. भाऊ डेपो आणि इस्पितळ यांच्यात धावत होता. घरी बाई आणि धाकटी.

धाकटी उठली तेव्हा बहीण घरात नव्हती. जन्मापासून असं झालंच नव्हतं. ती रडली नाही. तिने शोधायला सुरुवात केली. खाटेखाली, पडद्यामागे, मोरीत. बाईंचं कपाट उघडायला लावून साड्यांच्या मागे बघितलं. पोयी, पोयी, अशी हाक चालू. बाईंनी नीट भाषेत समजावलं, ताई दवाखान्यात गेलीय, बरी होऊन येईल. पोर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. संध्याकाळपर्यंत तिने बोलणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी जेवणं बंद केलं. घास तोंडाजवळ नेला की ओठ मिटून घ्यायची.

पुढचं मी बाईंच्या शब्दांत सांगू शकले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी ते सांगितलं तेव्हा त्या अधूनमधून थांबत होत्या.

दुपार होती. बाई ओट्यापाशी भांडी पुसत होत्या. मागून पदर ओढला गेला. वळून बघितलं तर धाकटी उभी. तिने मान वर केली आणि सूर चढवून विचारलं, "पोयी फुस?"

बाईंच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. पोरीने उत्तराची वाट बघितली. उत्तर आलं नाही, तेव्हा तिने स्वतःच दुसरा प्रश्न केला. हळू आवाजात.

"पोयी गप?"

दोन वर्षंसुद्धा पुरी न झालेलं लेकरू विचारत होतं, माझी बहीण संपली, की नुसती दिसत नाहीये? मोठी माणसं हाच प्रश्न आयुष्यभर विचारत असतात. आमच्या इस्पितळाच्या दारात तर रोज कोणी ना कोणी तो विचारत उभं असतं, आणि कोणालाच तो इतका स्वच्छ मांडता येत नाही.

बाई खाली बसल्या. पोरीच्या डोळ्यांसमोर डोळे आणले. आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्या दुसऱ्यांच्या लाइनीवर मध्ये बोलल्या.

"नन फुस," त्या म्हणाल्या. "पोयी गप."

धाकटी हललीच नाही. मग तिने हात पुढे करून बाईंच्या ओठांना बोट लावलं, आवाज तिथूनच आला ना, याची खात्री करावी तसं. "गप?" तिने विचारलं. "गप," बाई म्हणाल्या. आणि पोरीचा बांध फुटला. दोन दिवसांचं साठलेलं सगळं ती बोलायला लागली, भरभर, हातवारे करत. त्यातलं बाईंना पाव कळलं असेल नसेल. जिथे चाल सांगत होती तिथे त्या हो म्हणत होत्या, जिथे प्रश्न वाटला तिथे काहीतरी उत्तर देत होत्या. चुकत असणार. कारण एकदोनदा पोरीने मान हलवून त्यांना दुरुस्त केलं. मग ती वाटीपाशी जाऊन बसली आणि सगळं जेवली.

त्या दिवसांत मी ड्यूटी संपली की वॉर्डात डोकावायचे आणि तिथली बातमी घेऊन बाईंकडे जायचे. थोरलीचा ताप उतरत होता. त्यामुळे पुढची एक गोष्ट मी या डोळ्यांनी बघितली आहे.

दिवस कलायला आला होता. धाकटीने सकाळी टेबलाच्या कडेवर कपाळ आपटून घेतलं होतं, त्यावर बाईंनी पांढरं मलम थापलं होतं. ती बिस्कीट खात खोलीत हिंडत होती. कपाटाच्या दाराला आतून उंच आरसा होता आणि ते दार उघडं राहिलं होतं. ती त्याच्यासमोर आली आणि तिचा चेहरा फुलला. "पोयी," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला जवळ घ्यावं. मी उठणार, तेवढ्यात बाईंनी हात वर केला, पूर्वी टेलिफोनच्या खोलीत करायच्या तसाच.

धाकटीने आरशातल्या मुलीला काहीतरी विचारलं आणि थांबली. आरशातली मुलगीही थांबली. तिने पुन्हा विचारलं. दोघींचे ओठ एकदमच हलले. बहीण असं कधी करत नसे, बहीण आपली पाळी येईपर्यंत थांबायची. धाकटीने बिस्कीट पुढे केलं. समोरूनही बिस्कीट पुढे आलं, पण घेतलं कोणीच नाही. ती दाराच्या मागे जाऊन बघून आली. मागे नुसतं लाकूड. परत येऊन ती खूप वेळ निरखत उभी राहिली. मग तिला ते पांढरं दिसलं. पुसायला तिने आरशावर हात ठेवला, घासला. जाईना.

हात तसाच काचेवर राहिला. आणि मग तो सावकाश मागे आला आणि तिच्या स्वतःच्या कपाळाकडे गेला. बोटाला मलम लागलं. तिने बोटाकडे बघितलं, आरशाकडे बघितलं, परत बोटाकडे. मग ती एकदम वळली आणि धावत येऊन तिने बाईंच्या मांडीत तोंड खुपसलं, जसं कोणी आपल्याला चोरून बघताना सापडावं.

थोड्या वेळाने बाईंनी दूध गरम करून आणलं आणि त्या दिवसांत विचारायच्या तसं विचारलं, "पोयी दूध?"

धाकटीने मान हलवली. "नन पोयी," ती म्हणाली. आणि मलम लागलेला हात छातीवर ठेवून म्हणाली, "मी."

तो शब्द तिने हजारदा ऐकला असेल. सगळे तो दिवसभर वापरतात. आई मी म्हणते, बाबा मी म्हणतात, शेजारीणही मी म्हणते, म्हणजे हे नक्की कोणाचं नाव, हे बाळाला कसं कळावं? आणि जिच्या घरी मी आणि तू एकच होते, तिला तर मुळीच नाही. बाईंनी पेला तिच्या हातात दिला. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

थोरली बरी होऊन घरी आली. नर्सबायकांच्या लाडात राहून तीही पाच-सहा शब्द शिकून आली होती. पाणी, सुई, घरी चल. दारात दोघी एकमेकींना बघून घटकाभर थबकल्या, मग जमिनीवर बसून त्यांच्या बोलीत सुरू झाल्या. पण आता मध्येच एखादा मी यायचा, एखादं पाणी यायचं. एकदा भिंतीला भोक पडल्यावर बाहेरचं वारं थोडंच थांबतं. तिसरा वाढदिवस व्हायच्या आत दोघी तुमच्या-आमच्यासारख्या बोलायला लागल्या, आणि त्याही अखंड. भावजय म्हणायची, कधी बोलणार म्हणून नवस करायचे बाकी ठेवले होते, आता गप्प कधी बसणार त्यासाठी करते.

नन गेला, पोयी गेली. दोघींना आता आपण म्हणता यायचं, आणि माझं-तुझं करून भांडताही यायचं. त्या बोलीतलं जे काही उरलं ते बाईंपाशी. त्यांनी एकदा सहज म्हणून बघितलं. चष्मा कुठे दिसेना, तर पोरींना म्हणाल्या, चष्मा गप. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. धाकटीने समजूत घातली, "आत्या, असं नसतं म्हणायचं. कुठेतरी असेल, असं म्हणायचं."

मी विचारलं, वाईट वाटलं का. बाई म्हणाल्या, "थोडं वाटलं. पण अगं, त्यांनी ते घर दोघींनीच बांधलं आणि मोठं घर मिळाल्यावर सोडून दिलं. मला त्यात दोन दिवस पाहुणी म्हणून घेतलं होतं. किती जणांच्या नशिबी येतं हे?"

त्यानंतर काही महिन्यांनी रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. जाताना पोरींना क्रीमच्या बिस्किटांचा पुडा नेला होता. जेवणानंतर फोडायचा, असं भावजयीने बजावून तो टेबलावर ठेवला आणि आम्ही तिघी स्वयंपाकघरात गेलो. परत आलो तर पुडा फाटलेला, निम्मी बिस्किटं गायब. थोरलीचा पत्ता नाही. टेबलावरची चादर खालपर्यंत लोंबत होती आणि तिची एक बाजू हलत होती. धाकटी टेबलासमोर दोन्ही हात पसरून उभी. तिच्या तोंडाला कणसुद्धा लागलेला नव्हता.

"कोणी फोडला पुडा?" भावजयीने विचारलं.

धाकटीने आईकडे बघितलं, मग आत्याकडे, आणि पापणी न हलवता सांगितलं, "मांजर आलं होतं. खिडकीतून."

तिसरा मजला, खिडकीला जाळी. भावजय रागवायला पुढे झाली, तर बाईंनी तिचा दंड धरला. त्यांचा चेहरा बघून मी चकित झाले. रागाचा मागमूस नव्हता, उलट देवळाच्या गाभाऱ्यात उभं असल्यासारखा दिसत होता. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "जे तिने बघितलं ते मी बघितलेलं नाही, हे तिला ठाऊक आहे. माझ्या डोक्यात काय आहे ते ती तिच्या डोक्यात बघतेय. आणि तिथे मांजर सोडतेय."

मग त्यांनी धाकटीला गंभीरपणे विचारलं, "कसलं होतं मांजर?"

धाकटीने जरा विचार केला. "काळं," ती म्हणाली. "त्याला भूक लागली होती. त्याची आई कामाला गेली होती."

"अरेरे. मग गेलं कुठे ते?"

हे मात्र तिने ठरवलेलं नव्हतं. ती गोंधळली. खिडकीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, ओठ चावला. आणि टेबलाखालून, चादरीच्या आतून, भरल्या तोंडाने आवाज आला,

"म्याव."

बाईंनी खुर्ची ओढली आणि पुढचं ऐकायला बसल्या.